आमची जर्मन आजी

बाबांना जर्मन लोकांचा आंबवलेला कोबी आवडायला लागला त्या दिवशीच आईने कपाळाला हात लावला. तोपर्यंत आमच्या घरात कोबी म्हटलं की हरभऱ्याची डाळ घालून, वर ओलं खोबरं भुरभुरून, असा एकच प्रकार माहीत होता. बाबा सुपरमार्केटमधून काचेची बरणी घेऊन आले, वरणभाताशेजारी तो पांढरट, आंबूस वासाचा ढीग वाढून घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "जिभेला ओळखीचं वाटतंय गं. रक्तातच असणार." आई म्हणाली, "परवा ताक जरासं आंबट झालं तर पेला आपटलात. ते कुठल्या रक्तात होतं?" बाबा उत्तर देणार तेवढ्यात घरावरून विमान गेलं. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नचं आमचं घर विमानांच्या वाटेखालीच होतं. विमान यायला लागलं की घरातली माणसं वाक्य अर्ध्यावर सोडून थांबायची आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलायची. आमची कितीतरी भांडणं अशी आपोआप थंड झाली. त्या दिवशी विमान जाईपर्यंत बाबांनी आणखी एक घास घेतला. मी समोरच बसले होते, तो त्यांना गिळवत नव्हता.

मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि शाळेची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती. ख्रोनिंगेनच्या विद्यापीठात जीवशास्त्राला माझा प्रवेश ठरला होता. तिथे एका जुन्या घरात, माळ्यावरची, उभं राहिलं तर डोकं आपटेल अशी एक खोलीही मी मैत्रिणीच्या ओळखीने बघून ठेवली होती. त्या खोलीत मी कशी राहणार, सायकल कुठे लावणार, सकाळी पोळीवर लोणी आणि चॉकलेटची भुरभुर घालून खाताना मला कुणी नावं ठेवणार नाही, हे सगळं मी मनात इतकं रचलं होतं, की मला वाटायचं मी तिथेच राहते आणि इथे फक्त कपडे धुवायला येते. आणि नेमकी तेव्हाच बाबांची ब्रेडा शहरातली नोकरी गेली. कंपनीने त्यांची अख्खी टीमच बंद केली. पुण्याहून आम्ही आलो ते बाबांच्या नोकरीच्या परमिटवर, आईचं आणि माझं परमिट त्यांच्या शेपटीला बांधलेलं. कायमचं परमिट हवं तर डच भाषेची परीक्षा द्यावी लागते, ती बाबा दरवर्षी पुढे ढकलत आले होते. नोकरी गेली की दुसरी शोधायला सरकार थोडी मुदत देतं. त्या मुदतीत नाही मिळाली तर चला, सामान बांधा, सगळेच. म्हणजे माझं कॉलेज, माझी ती बुटकी खोली, सगळं बाबांना नोकरी लागते की नाही यावर लटकलेलं होतं.

आईने पहिल्याच दिवशी बजावलं, "मराठी मंडळात कुणाजवळ तोंड उघडायचं नाही." त्यामुळे बाबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसायचे आणि मंडळातलं कुणी भेटलं की सांगायचे, "सध्या वर्क फ्रॉम होम चाललंय." ते बसायचे बैठकीच्या खोलीत, आणि डच घरांत बैठकीची खोली म्हणजेच सगळं घर. स्वयंपाकघर तिथेच, जिना तिथूनच. मला पाणी प्यायला उतरायचं तरी बाबांच्या पाठीमागून जावं लागे. मी आले की ते पटकन स्क्रीन बदलायचे. पंखा नसलेल्या घरात इतकी शांतता असते हे मला तेव्हा कळलं. फ्रिजचा आवाज, आईचं लाटणं, आणि मधूनमधून विमान. आईने गाजावाजा न करता डाळींचे डबे भरणं बंद केलं होतं. आधी मसूर संपली, मग पोहे, मग शेंगदाणे. आणू का विचारलं तर म्हणायची, "राहू दे, आहे त्यात भागवू." ती काय समजून भागवत होती ते मला कळत होतं. मी आईवर ओरडायचे, "अगं आण की! आपण कुठेही जात नाही आहोत!" ती शांतपणे गॅसखाली झाडत राहायची.

नोकरी अगदीच नव्हती असंही नाही. नितीन म्हणून पुण्यात बाबांच्या हाताखाली लागलेला एक मुलगा आता आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या मशीनच्या कंपनीत टीम लीड झाला होता. त्याचा फोन आला. "सर, माझ्याकडे एक जागा होतेय. तुमच्या लेव्हलची नाहीये, पण परमिटचं काम होऊन जाईल." बाबा म्हणाले, "बघतो रे. माझी दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत." कुठली बोलणी? विमानांशी? फोन ठेवल्यावर ते आईला म्हणाले, "ह्याला मेल कशी लिहायची ते मी शिकवलंय. ह्याच्या हाताखाली बसू मी?" मी जिन्यात बसून ऐकत होते आणि माझ्या मनात येत होतं, बसा ना! एवढं काय त्यात! पण हे बाबांना सांगायची आमच्या घरात रीत नव्हती.

त्याच आठवड्यात कुंपणापलीकडचे हेंक बाबांच्या आयुष्यात शिरले. हेंक निवृत्त शिक्षक, एकटे, उंच, आणि त्यांना एकच वेड, आपल्या घराण्याचा वृक्ष काढायचं. त्यांचे खापरपणजोबा जर्मनीतून दर उन्हाळ्यात गवत कापायला पायी इकडे यायचे आणि एका उन्हाळ्यात इथल्याच मुलीच्या प्रेमात पडून राहिले. हेंक ही कथा कुणालाही सांगायचे, अगदी पार्सलवाल्यालाही. त्या दिवशी त्यांना सापडले बाबा, रिकामे आणि दुखावलेले. हेंकनी पूर्वजांची सगळी पलटण उभी केली तेव्हा बाबांना राहवलं नाही. ते कुंपणाला टेकून इंग्रजीत म्हणाले, "माझी पणजीही जर्मन होती." हेंक म्हणाले, "काय सांगता!" झालं. त्या दोन शब्दांत बाबांना कितीतरी दिवसांनी कुणीतरी उठून खुर्ची दिली.

ही थाप नव्हती हं. बाबांच्या पणजीला आमच्या घराण्यात सगळे 'जर्मन आजी' म्हणत आले होते. तिचा एक फोटो होता, उंच, गोरी, घारे डोळे. तिच्या माहेरचं कधी कुणी आलं नाही, माहेरचं नाव कुणाला माहीत नाही. बाबा लहान असतानाच त्यांचे वडील गेले, त्यामुळे विचारायला होती फक्त बाबांची आत्या, विट्याची, खूप म्हातारी आणि ओरडल्याशिवाय ऐकू न येणारी. बाबांनी तिला फोन लावून ओरडून विचारलं, "आत्या, माझी पणजी जर्मन होती ना?" पलीकडून ती म्हणाली, "व्हय रं बाबा, जर्मनचीच म्हातारी ती. जेवलास का?" बाबांनी फोन ठेवला आणि आमच्याकडे असं बघितलं, जणू कोर्टाने निकाल दिलाय. मग त्यांनी जुळवाजुळव केली. ती मिशनच्या दवाखान्यातली नर्स असणार, पणजोबा तिथे कंपाउंडर असणार, प्रेम, धर्म, माहेर तुटलं. इतकी सुंदर गोष्ट झाली की खरी नसली तर वाईट वाटावं. आणि मग कुठेतरी इंटरनेटवर त्यांनी वाचलं की जर्मन पूर्वज सिद्ध झाला तर जर्मन पासपोर्ट मिळू शकतो. म्हणजे परमिट नको, मुदत नको, नितीन नको. पणजीपर्यंत मागे जाऊन असलं काही मिळत नाही हे मी वाचून काढलं आणि सांगितलंही. ते म्हणाले, "तुला कायदा कळतो का? तू जर्मन वाच फक्त."

कारण जर्मन वाचता येणारी घरात मी एकटीच. शाळेत शिकले होते ना, हौसेने! आई-बाबांचं डच 'धन्यवाद' आणि 'पिशवी नको' यापुढे गेलं नव्हतं. लहानपणापासून डॉक्टरकडे, नगरपालिकेत, शाळेच्या पालकसभेत मीच घराचं तोंड होते. माझ्याच तक्रारी शिक्षिका मला सांगायच्या आणि मी त्या आईला मराठीत सांगायचे, थोड्या सौम्य करून. आता ते तोंड जर्मनमध्येही चालायला लागलं. चर्चच्या कचेऱ्यांना ईमेल, गावोगावच्या हौशी संशोधकांना फोन. आणि दर शनिवारी जर्मनीकडे गाडी. पुढे बाबा आणि हेंक, मागे मी. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक मी लहान असताना लावलेलं होतं, ते काढायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. दार बाहेरून कुणी उघडेल तेव्हाच मी उतरणार. माझ्या मैत्रिणी परीक्षेनंतर स्पेनला गेल्या होत्या, समुद्रावरचे फोटो येत होते, आणि मी पेट्रोल पंपावर बंद गाडीत बसून काचेवर टकटक करत होते. आता माझेही केस पांढरे झाले, बाबांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेले मी, तरी कुणाच्या गाडीत मागे बसले की आधी हँडल ओढून बघते. माझी मुलं हसतात.

मला राग यायचा तो बाबा चुकतायत म्हणून नव्हे. ते इतके आनंदात असायचे म्हणून. सीमा ओलांडली की त्यांचा आवाज बदलायचा, पाठ ताठ व्हायची. पाच मिनिटं आधी पोचलो तर "रक्तात आहे". बेकरीत काळा, दगडासारखा पाव घेतला तरी "रक्तात आहे". मी म्हटलं, "बाबा, मग तुमचा मधुमेहपण जर्मनच का?" तर हेंकनी विचारलं, ती काय म्हणाली, आणि ते मलाच भाषांतर करून सांगावं लागलं. इकडे मुदत सरत होती. कॅलेंडरवर आईने कुठेच खूण केली नव्हती, पण रोज सकाळी चहा गाळताना ती त्याच्याकडे बघायची.

त्या शेवटच्या शनिवारी आईही आली. म्हणाली, "मलाही बघू दे सासरची मंडळी." तिने थालीपीठं केली होती, भाजणी संपत आली होती म्हणून कणीक मिसळून, आणि दह्याचा डबा मांडीवर धरून ती माझ्याशेजारी बसली. गाव अगदी लहान होतं, मक्याची शेतं, लाल विटांचं चर्च, चर्चशेजारी कचेरी. तिथल्या बाईंनी हेंकचे गवत कापणारे पूर्वज चटकन काढून दिले. हेंकच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाई बाबांकडे वळल्या. बाबांनी मला पुढे केलं. या भागातून मिशनबरोबर हिंदुस्थानात गेलेली एखादी मुलगी, परत न आलेली, असं मी विचारलं. बाई फार सज्जन होत्या. म्हणाल्या, असं इथे काही नाही, पण आडनाव कळलं तर शोधता येईल. आडनाव नव्हतंच. बाबा म्हणाले, "तू नीट विचारत नाहीस." मी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. बाबा म्हणाले, "तुला मनापासून विचारायचंच नाहीये."

आणि मग मी फुटले. त्या कचेरीत, त्या बाईंच्या समोर, मराठीत. "नाहीच विचारायचं मला! मला कॉलेजला जायचंय! तुम्हाला पणजी सापडेल आणि आपण पुण्याला बसलेलो असू! नितीनकाकाला फोन करा ना, बाबा!" बाबांचा चेहरा पांढरा पडला. ते एवढंच म्हणाले, "काका कुठला? पोरगा आहे तो." आई मला म्हणाली, "बाहेर चल." पण तिने मला गप्प बस म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

चर्चच्या मागे बाकावर आम्ही डबा उघडला. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. हेंक बिचारे थालीपीठ सुरीने कापून खात होते आणि हे कशाचं, ते कशाचं, असं विचारून वेळ भरून काढत होते. बाबांना काय वाटलं कोण जाणे, बहुधा हेंकसमोर आपली बाजू उभी करायची असेल, त्यांनी फोन काढला आणि आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्याच्या सुनेने फोन धरला, आत्याचं कपाळ दिसायला लागलं, मग एक डोळा. बाबा ओरडले, "आत्या, जर्मन आजी कुठल्या गावची गं?"

"कुठल्या एका गावची सांगू? धा गावं फिरायची ती," आत्या म्हणाली.

"जर्मनीतलं गाव, आत्या! जर्मनी!"

"व्हय व्हय, जर्मनच. पातेली, डबं, ताटं, समदं जर्मन. पाटीत भरून डोस्क्यावर घ्यायची नि वरडत जायची. जुनं लुगडं द्या, जर्मनचं भगुनं घ्या."

आईच्या हातातला दह्याचा चमचा तसाच राहिला. "अगंबाई," ती हळूच म्हणाली, "जर्मनची भांडी! अ‍ॅल्युमिनियम हो! आमच्या दादरच्या कामवाल्या मावशी तेच म्हणायच्या, जर्मनचं पातेलं घासू का म्हणून. माझ्या कसं नाही आलं डोक्यात!"

"पण आत्या, ती गोरी होती, डोळे घारे होते," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता ओरडायचा राहिला नव्हता, आणि तो आत्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. सुनेने तिच्या कानात सांगितलं. आत्या खो खो हसली. "आरं, घारं तर आमच्या आळीतली मांजरंबी हुती." मग ती हसायची थांबली. "नवरा टाकून गेला रं तिचा. म्हायेरच्यांनी दार लावलं. चार लेकरं त्या भांड्यांवर वाढवली तिनं. तुजा आजा त्यातलाच. तुज्या बापाला लाज वाटायची. पुण्यात कुनी इचारलं तर नुसतं 'जर्मन आजी' म्हनून सोडून द्यायचा. जेवलास का तू?"

"जेवतोय, आत्या," बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं मला आनंद होईल. हरले एकदाचे, सुटले मी, असं काहीतरी. पण बाबांनी फोन खिशात ठेवताना दोनदा खिसा चुकवला आणि मला ते बघवेना. हेंक विचारत होते, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या, गाव कळलं का? बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांग त्यांना. जसं आहे तसं सांग. सौम्य करू नकोस." म्हणजे त्यांना माहीत होतं तर! इतकी वर्षं मी जे मधल्यामध्ये गाळत होते ते त्यांना माहीत होतं. मी डचमध्ये सांगितलं. आमच्याकडे जर्मन म्हणजे एक स्वस्त धातू, बाबांची पणजी त्याची भांडी डोक्यावर घेऊन घरोघर जुन्या कपड्यांच्या बदल्यात द्यायची, ती जर्मनीत कधीच नव्हती, तिला नवऱ्याने टाकलं होतं. हेंक खूप लक्ष देऊन ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि गंभीरपणे विचारलं, "आणि भांडी चांगली होती का?"

मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी हेंककडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. ते हसले, मग आई हसली, आणि बाबांचं हसू थांबेना, चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पुन्हा पुसले. नंतर त्यात हसू राहिलं नव्हतं. आई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी आणि हेंक डबे आवरायला लागलो. बाबा आईला म्हणत होते, "माझ्या बापाला लाज वाटायची गं. आणि मी..."

परतीच्या वाटेवर आम्ही नेहमीसारखे बसलो, पुढे ते दोघं, मागे आम्ही दोघी. सीमा कधी गेली ते कळलंही नाही, तिथे नुसती एक पाटी असते. पाटी गेल्यावर थोड्या वेळाने बाबांनी फोन लावला. गाडीत फोन स्पीकरवरच लागायचा, त्यामुळे रिंग सगळ्या गाडीत वाजायला लागली. मला वाटलं पुन्हा आत्या.

"हां सर, बोला," नितीनचा आवाज आला. मागे त्याचं लहान बाळ रडत होतं.

बाबांनी घसा साफ केला. "नितीनराव, जरा मोकळे आहात का?"

आईने माझा हात धरला. जन्मात बाबांनी त्याला राव म्हटलं नव्हतं.

"हो सर, बोला ना."

"ती जागा भरली का हो तुमच्याकडची?"

पलीकडे बाळाचा आवाज लांब गेला, नितीन बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला. "नाही अजून, सर. पण... इंटरव्ह्यू द्यावा लागेल हो. पॅनेलवर मीच आहे. मला फार ऑकवर्ड वाटतंय, पण प्रोसेस आहे ती."

"देतो की. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो."

"सर, प्लीज. मला अहोजाहो नका करू."

बाबा रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. आरशात मला त्यांचे नुसते डोळे दिसत होते.

"नाही हो," ते म्हणाले, "आता सवय करायला हवी मला."